सही केलेला नारळ

रविवारी सकाळी शरद दाढी करून बाहेर आला तर हॉलमध्ये पाळणा टांगलेला. मानसीचा पाळणा. मानसी आता कॉलेजात जाते. पाळण्यात पाच पिल्लं, एकमेकांच्या तोंडावर पाय टाकून झोपलेली. प्रत्येकाच्या कपाळावर कुंकवाचं बोट.

"हे काय?"

"बारसं," सुनंदा म्हणाली. "आणि अहो, कानामागे साबण राहिलाय तो पुसा. लोक येतील आता."

पाळण्याखाली चकली आडवी पडली होती. चकली म्हणजे पिल्लांची आई. पांढरी, आणि शेपटीचं असं घट्ट वेटोळं की दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. बाप होता गल्लीतला लाटसाहेब. तो मासळीवाल्याच्या फळीखाली राहतो आणि कोलकात्यात बेहालाच्या या भागातली निम्मी कुत्री त्याच्यासारखी दिसतात. पिल्लं मात्र दोघांसारखीही दिसत नव्हती. एक तर थेट तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांसारखं दिसायचं, पण हे कोणी मोठ्याने बोलत नसे.

बारशाला एवढा उशीर झाला तो शरदमुळे. पिल्लं आठ आठवड्यांची झाल्याशिवाय आईपासून तोडायची नाहीत असा नियम आहे, आणि नियम आहे म्हटलं की शरदला पुढचं काही ऐकू येत नाही. खिदिरपूरच्या गोदीत तो कस्टम्सचा अधिकारी. खोक्यावर खेळणी लिहिलेलं असेल तर हा माणूस एखाद्या माकडाला चावी देऊन ते टाळ्या वाजवतं का बघणार, मगच खोकं पुढे. घरीही तसंच. पाहुणा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला तर सुनंदा आधी बॉक्स उचलते. नाहीतर शरद मागची तारीख वाचतो, पाहुण्यादेखत.

सुनंदाचाही एक नियम होता. तो कुठल्या गॅझेटात नव्हता, तिच्या आईचा होता. जनावर फुकट द्यायचं नाही आणि फुकट घ्यायचं नाही, नाहीतर त्याला नवं घर लागत नाही. पैसेही घ्यायचे नाहीत, कारण आपण काही खाटीक नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर नारळ ठेवायचा आणि मग पिल्लू उचलायचं. चकली अशीच आली होती. बँकेतलं एक मराठी कुटुंब बदली होऊन इंदूरला निघालं, तेव्हा ट्रकमध्ये सामान चढत असताना सुनंदाने त्यांच्या हातावर नारळ ठेवला आणि चकली उचलली. बाई रडत होत्या, नारळ घेऊन तशाच ट्रकमागे गेल्या.

म्हणून तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवर सांगून ठेवलं होतं, आणि गल्लीतही, जिथे सगळे तिला बौदी म्हणजे वहिनी म्हणत. नारळ आणा, पिल्लू न्या.

सगळ्यात आधी प्रथमेश आला, न्यू टाउनहून. आयटीवाला, एकटा राहणारा. त्याने अनारसा नावाचं पिल्लू निवडलं आणि निघायला गेला, तेव्हा सुनंदाने त्याला विळीवर बसवलं. आलेला नारळ घरात साठवायचा नाही, लगेच फोडून वड्या करून वाटायच्या, हाही तिच्या आईचाच नियम. पिल्लू न नेता नुसते बारशाला येणारेही नारळ आणत होते, त्यामुळे नारळ भराभर येत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकिमा तर डाब घेऊन आल्या, पाण्याचा हिरवा नारळ. सुनंदाने तो वरून खालून बघितला. शेवटी चालेल म्हणाली आणि फ्रीजवर ठेवून दिला. काकिमांनी शंकरपाळीला उचललं, नाव चांगलं आहे म्हणाल्या, पण घरी हाक मारायला फुचू. कोलकात्यात माणसाला दोन नावं असतात, कुत्र्याला एकाच नावात कोण गुंडाळणार.

आता शरदच्या तक्रारीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

समोरच्या गल्लीत निळ्या गेटचं एक घर होतं. तिथला दिलीप कुत्र्यांचा धंदा करायचा. नोंदणी नाही, काही नाही. शरद एकदा टाकी बघायला गच्चीवर गेला होता, तेव्हा त्याला पलीकडच्या पत्र्याखाली पिंजरे दिसले. एकावर एक रचलेले. आत माद्या. उभं राहायला जागा नाही, ऊन नाही, पिल्लं झाली की उचलायची आणि नेटवर फोटो टाकून विकायची, की मादी परत तयार. शरद खाली आला तेव्हा जेवला नाही. चकलीच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला. मग उठून त्याने प्राणी कल्याण खात्याला तक्रार लिहिली. कलमांसकट, फोटोंसकट. दुर्गापूजेच्या आधीची गोष्ट. त्यानंतर तो दर सोमवारी आठवण पाठवायचा आणि खात्यातून दर वेळी एकच उत्तर यायचं, की प्रकरण विचाराधीन आहे.

आणि विचार संपला तो नेमका या रविवारी.

तपासणीला दोघं आले, साध्या कपड्यात. मृणाल पालित मॅडम आणि त्यांचे सहायक सलीलबाबू. तक्रारीत लिहिलं होतं निळं गेट. पण दिलीपने पूजेत गेटला हिरवा रंग मारला होता. दोघांनी गल्लीला फेऱ्या मारल्या आणि शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, इथे कुत्र्याची पिल्लं कुठे मिळतात.

वाण्याने हातातलं काम सोडलं नाही. "मराठी बौदींकडे. नारळ घेतलात का?"

नारळ कशाला, असं मॅडमनी विचारलं. त्याने सांगितलं, तिथे पैसे चालत नाहीत. नारळ द्यायचा, पिल्लू घ्यायचं. सकाळपासून माझे सगळे नारळ गेले, हा शेवटचा.

सलीलबाबूंची नोकरी अशाच कामात गेली होती, पण हे त्यांनी ऐकलं नव्हतं. पैसे न घेता धंदा. म्हणजे पकडायला गेलं तर हातात काही सापडायला नको. ते मॅडमच्या कानात म्हणाले, "फार पोचलेली माणसं आहेत."

मग त्यांनी रीतसर सापळा लावायचा ठरवला. शेवटचा नारळ विकत घेतला. लाच घेणाऱ्याला देतात त्या नोटांवर जशी खूण करतात, तशी नारळावर करायची. नारळावर सही करणं सोपं नसतं. शेंड्या मध्ये येतात. सलीलबाबूंनी वाण्याकडून मार्कर घेतला, एक बाजू घासून गुळगुळीत केली, सही केली, तारीख घातली. शेजारी मॅडमनी सही केली.

दाराच्या पाटीवर मानसीने फुगे चिकटवले होते, त्यामुळे नाव दिसत नव्हतं. मानसीनेच दार उघडलं आणि आपल्या बंगाली वळणाच्या मराठीत आत ओरडली, "आई, अजून लोक आला."

सुनंदाने दोघांना बसवलं, आधी वड्या पुढे केल्या, मग पिल्लं दाखवली. तीन उरली होती. करंजी मॅडमच्या मांडीवर चढली आणि तिथे तिने लगेच डोळे मिटले. मॅडमनी नारळ पुढे केला. सुनंदाने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि सह्या बघितल्या. इकडे नारळावर नाव घालत असतील, असं तिला वाटलं. किती हौशी लोक. आत जाता जाता तिने तो शरदला दाखवला.

शरदने सह्या वाचल्या. मग तारीख वाचली. आयुष्यात त्याने हजारो वस्तू तपासल्या होत्या, पण तारीख घातलेला नारळ पाहिला नव्हता. दोन सह्या आणि एक तारीख याचा त्याच्या जगात एकच अर्थ होता. तो तसाच उभा राहिला. भानावर आला तेव्हा स्वयंपाकघरातून फटकन आवाज आला.

"काकू, हा गोड निघाला," प्रथमेश आत म्हणाला.

बाहेर सलीलबाबू उभे राहिले. तोंडातली वडी गिळून त्यांनी ओळखपत्र काढलं. विना नोंदणी कुत्र्यांची पैदास आणि विक्री, असं ते म्हणाले. विक्री आत्ता आमच्यासमोर झाली, नारळ ताब्यात द्या.

सुनंदाला आधी वाटलं, पिल्लू आवडलं नाही म्हणून नारळ परत मागतायत. शरदने तिला मराठीत हळू आवाजात समजावलं. मग तो आत गेला. प्रथमेशने तोवर अर्धा नारळ किसून मोकळा केला होता आणि एक करवंटी केराच्या डब्यात टाकली होती. शरदने डब्यात हात घालून ती काढली, पाण्याने धुतली, पण सहीच्या बाजूला पाणी लागू दिलं नाही. दोन्ही करवंट्या एका ताटलीत मांडल्या, शेजारी वाटीत कीस घेतला आणि सगळं बाहेर आणून मॅडमसमोर ठेवलं.

"पुरावा," तो म्हणाला. "एक सही या तुकड्यावर आहे, एक त्या. तारीख मधोमध फुटली, पण जोडून वाचता येते."

सुनंदाने त्याच्याकडे असं बघितलं की मागोमाग बाहेर आलेला प्रथमेश विळी घेऊन पुन्हा आत गेला.

पुढची सगळी बोलणी हिंदीत झाली. मॅडमनी विचारलं, कुत्र्याची जात कुठली. सुनंदाने सांगितलं, आईची माहीत नाही, आणि बाप खाली मासळीवाल्याकडे आहे, बोलावू का. मॅडमनी नको म्हटलं. आत गेलेल्या प्रथमेशला राहवेना. त्याने दारातून डोकं काढून सांगितलं की मॅडम, इथे पैसे कोणीच घेतले नाहीत, मग विक्री कशी.

बरोबर होतं. मॅडमही क्षणभर थांबल्या. सुटका समोर उभी होती, कोणी फक्त गप्प बसायला हवं होतं.

"मोबदला म्हणजे पैसेच असं नाही," शरद म्हणाला. "वस्तूच्या बदल्यात वस्तू दिली तरी तो व्यवहारच. आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो."

"अहो," सुनंदा म्हणाली.

"अगं, पण खरंय ते."

"खरंय ना? मग मनात ठेवा."

मॅडमनी मान हलवली. साहेबांनी स्वतःच सांगितलं ते बरं झालं, म्हणाल्या. आता निकाल लागेपर्यंत आई आणि उरलेली पिल्लं सरकारी आसऱ्याला न्यावी लागतील. खाली गाडी उभी आहे.

चकलीला हिंदी कळत नसावं, पण घरातले आवाज बंद झालेले तिला कळले. ती उठली आणि सुनंदाच्या पायावर जाऊन बसली. सुनंदा खाली बसली आणि तिने चकलीच्या गळ्यात हात टाकला. मानसी रडायला लागली, बंगालीत.

शरदचा चेहरा उतरला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मॅडम, तुमचं काम बरोबर आहे. पण मी तक्रार ज्या घराची केली होती ते हे नाही."

"तुम्ही तक्रार केली होती?"

सलीलबाबूंनी पिशवीतून फाईल काढली. वरचं पान बघितलं, शरदला नाव विचारलं, आणि पुन्हा पान बघितलं. मग ती फाईल मॅडमना दिली. मॅडम बराच वेळ वाचत होत्या.

"म्हणजे," त्या शेवटी म्हणाल्या, "दर सोमवारी आम्हाला लिहिणारे तुम्हीच. यात म्हटलंय, अशा माणसावर दयामाया न दाखवता तात्काळ कारवाई करावी."

"हो."

"आणि मग तुम्ही आज बारसं ठेवलंत."

"ते हिने ठेवलं."

निळं गेट, गच्ची, पिंजरे, शरद सगळं सांगत होता. पण सलीलबाबूंनी सकाळपासून गल्लीत निळं गेट पाहिलं नव्हतं. उलट शरदच्याच खिडकीच्या जाळीला निळा रंग होता. त्यांनी त्या जाळीकडे बोट दाखवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मॅडम उठल्या. करंजीला एका हातात घेऊन त्यांनी दुसऱ्या हाताने चकलीसाठी पट्टा मागितला. सुनंदाने पट्टा दिला नाही. कुठे ठेवलाय आठवत नाही, म्हणाली. पट्टा तिच्या मांडीखाली होता.

तेवढ्यात उघड्या दारातून दिलीप आत आला. लुंगी, वर स्वेटर, डोक्याला मफलर, आणि भयंकर तापलेला.

"बौदी, हे काय चालवलंय तुम्ही?"

सुनंदाला भाजीबाजारामुळे बंगाली चांगलं यायचं, पण आत्ता तिचे दोन्ही हात चकलीच्या गळ्यात होते आणि लक्ष मॅडमकडे. दिलीपला तेवढंच हवं होतं. त्याने तिला ऐकवायला सुरुवात केली. सकाळपासून माझी दोन गिऱ्हाईकं मोडली. एक जण तर पिल्लू हातात घेऊन बघत होता, आणि त्याची बायको म्हणाली, चला, पलीकडे नारळात मिळतंय. नारळात! असं कोणी बाजार बिघडवतं का? काही भाव ठेवा. तुम्हाला हौस आहे, आम्हाला पोट आहे.

"आणि ही कसली पिल्लं?" त्याने पाळण्यात बघितलं. "रस्त्यावरचा माल. माझ्याकडे एक नंबर आहे. वर पत्र्याखाली ठेवलीत. पाच-पाच माद्या सांभाळतो, बारा महिने पिल्लं काढतो. कागद नाही, नोंदणी नाही, सगळी जोखीम अंगावर घेऊन धंदा करतो मी, बौदी. आणि तुम्ही नारळ घेता?"

शरदने तोंड उघडलं, तेव्हा सुनंदाने त्याच्या पायाला चिमटा काढला. या वेळी तो गप्प बसला.

मॅडम पुन्हा खुर्चीत बसल्या. करंजीच्या कानामागे खाजवत त्या म्हणाल्या, "दादा, मला हे इतकं पसंत नाहीये. तुमच्याकडचं दाखवाल?"

दिलीपचा आवाज लगेच खाली आला. "अरे, का नाही दाखवणार? चला ना. हे इथे समोरच. हिरवं गेट."

"हिरवं?" सलीलबाबूंनी विचारलं.

"पूजेत रंगवलं. आधी निळं होतं."

सलीलबाबूंनी वहीतलं मघाचं वाक्य खोडलं. निघताना दिलीपच सगळ्यांच्या पुढे होता. जिना जपून उतरा म्हणत होता. वाण्यासमोरून जाताना त्याने अभिमानाने मान वर केली, गिऱ्हाईक परत आणल्यासारखी.

त्यानंतर अर्धी गल्ली गच्चीवर होती. सुनंदा नव्हती, ती चकलीला सोडून हलली नाही. मधेच सलीलबाबू विसरलेली फाईल न्यायला आले, तेव्हा प्रथमेशने पुराव्याच्या किसाच्या गरम वड्या त्यांच्यापुढे धरल्या. मानसी वरून धावत्या बातम्या देत होती. पोलीस आले. पिंजरे खाली येतायत. दिलीप म्हणतोय, ही कुत्री पाहुण्यांची आहेत. आता म्हणतोय, त्या बाई गिऱ्हाईक आहेत, मी त्यांना ओळखतो.

दुपार उतरायला लागली तेव्हा पुन्हा बेल वाजली. दारात मॅडम, मागे सलीलबाबू. सलीलबाबूंच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक म्हातारी मादी. केसांच्या गाठी झालेल्या, नखं वाढून आत वळलेली. उजेड डोळ्यांना सोसत नव्हता म्हणून तिने तोंड त्यांच्या बगलेत घातलं होतं.

मॅडम म्हणाल्या, बाकीच्यांची सोय लागली, पण आसरा भरलाय. ही फार दमलीये. केस चालेपर्यंत कोणीतरी घरी ठेवायला हवं. "तक्रारदाराला ठेवता येतं. ठेवाल?"

"आणि आमची केस?" शरदने विचारलं. सुनंदाने डोळे मिटून घेतले.

"कुठली केस? घरातली एक कुत्री, गल्लीतला बाप. आणि साहेब, पुराव्याच्या वड्या झाल्या. त्यातल्या चार सलीलबाबूंनी खाल्ल्या."

सलीलबाबूंनी खाली बघितलं. मग मॅडमनी, अगदी नाइलाज असल्यासारखं, पर्समधून करंजीला बाहेर काढलं आणि पाळण्यात ठेवायला गेल्या. सुनंदाने हात आडवा धरला. नारळ किसला गेलाय, म्हणाली, आता परत नाही. मॅडमनी फार आग्रह केला नाही. करंजी पुन्हा पर्समध्ये गेली.

शरदने ताबा घेण्याचा कागद पुढून मागून वाचला आणि सही केली. चकली म्हातारीजवळ गेली, तिला हुंगलं, आणि पाळण्याखालची आपली जागा सोडून थोडी बाजूला सरकून झोपली. म्हातारी हळूहळू जाऊन तिथे बसली. आधी बसताना अंग चोरलं, सवयीने. मग एक पाय लांब केला. कशाला अडला नाही. मग दुसरा.

सुनंदा पदराने डोळे पुसत आत गेली. घरात नारळ उरला नव्हता. होता तो फ्रीजवरचा डाब. तोच तिने आणला आणि मॅडमच्या हातावर ठेवला. "जनावर फुकट घेऊ नये," ती म्हणाली.

शरदने ते पाहिलं. म्हातारी आत आली होती, डाब बाहेर गेला होता. सह्यांचा नारळ वाचताना झाला होता तसा त्याचा चेहरा झाला.

"मॅडम," तो अगदी आदराने म्हणाला, "तुमच्या खात्याची विक्रेता म्हणून नोंदणी आहे ना?"

मॅडमनी शरदकडे बघितलं. हातातल्या डाबाकडे बघितलं. मग मागे वळल्या.

"सलीलबाबू," त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावरून दोन स्ट्रॉ घेऊन या. लवकर."